शनिवारचं पाणी

बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या त्या गल्लीत शिरलं की अजूनही आधी नाकाला कळतं. कटिंग ऑइलचा गोडसर जळका वास, ओल्या लोखंडी किसाचा वास, आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, उभ्यानं खायच्या हॉटेलातून, येणारा कॉफीचा. आज रविवार, बहुतेक शटरं खाली ओढलेली, पण वासाला सुट्टी नव्हती. आमच्या कंपनीच्या गोदामात वर्षअखेरची मालमोजणी होती, ती लवकर उरकली आणि मी त्या शेडकडे वळले. पाय आपोआप वळले असं लिहायला बरं वाटतं, पण पाय काही आपोआप वळत नाहीत. सकाळी घरून निघतानाच मी ठरवलं होतं.

शेडमध्ये आता पावडर कोटिंगचं काम चालतं. खिडक्यांच्या जाळ्या, दवाखान्यातल्या खाटांचे सांगाडे, सगळं आकड्यांना टांगलेलं. राखणदारानं काय हवं म्हणून विचारलं. इथं पूर्वी आमचं चर्च होतं, म्हटलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाला आणि ‘स्वल्प बेग’, जरा लवकर, असं बजावून आत सोडलं. छत तेच आहे, ॲस्बेस्टॉसचं. मागच्या भिंतीपाशी जमिनीचा एक लांबट तुकडा वेगळ्या रंगाचा दिसतो. तिथला हौद बुजवून वर सिमेंट ओतलंय आणि त्यावर रंगाच्या खोक्यांची थप्पी लावलीय. मी चपला काढून तिथं उभी राहिले. बाईचं डोकं फिरलंय असं राखणदाराला वाटलं असेल, आणि मी त्याच्याशी वाद घातला नसता.

हौद म्हणजे आमच्या मंडळीचा, चर्चला येणाऱ्या आम्हा सगळ्यांचा, बाप्तिस्म्याचा हौद. आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडानं ‘हो’ म्हणाला, की पाळक त्याला पाण्यात अख्खं बुडवून वर काढतात. त्यासाठी व्यासपीठाखाली छातीभर खोल हौद होता, एरवी फळ्यांनी झाकलेला. खाली पोकळी असल्यामुळे उपदेश करणाऱ्याचं प्रत्येक पाऊल वाजायचं. पुरुष उपदेशकांची पावलं धाडधाड वाजत. माझ्या आत्याची वाजायची ती थांबून थांबून, कारण ती बोलता बोलता विचारात पडायची आणि एका जागी उभी राहायची.

नव्वदच्या आसपासचं पीण्या म्हणजे दिवसभर लेथचा आवाज आणि मधेच लाइट गेली की अंगावर येणारी शांतता. मिरज, सांगली, बेळगाव भागातून आलेली टर्नर, फिटर, वेल्डर मंडळी, त्यांतली आम्ही काही ख्रिस्ती घरं. या शहरात शेकडो वर्षांपासून राहिलेले मराठी लोकही होते, घरात मराठी बोलणारे आणि एकमेकांना अण्णा, अक्का म्हणणारे. जयनगरच्या बाजारात अशाच एका बाईंनी माझ्या आईला मायेनं विचारलं होतं, तुम्ही मराठी की ख्रिश्चन? आई म्हणाली, सोमवार ते शनिवार मराठी. त्या बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी आईच्या पिशवीत आपल्यातली मूठभर कोथिंबीर घातली.

आत्या पप्पांची धाकटी बहीण, सरला. धर्मशास्त्र शिकायला म्हणून ती आमच्याकडे आली, पदवी घेतली आणि राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पंधरवड्यातून एकदा तिच्यासाठी स्थळ सुचवणारी एक बाई यायची, तिला आत्या चहा पाजायची, तिच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करायची आणि वाटेला लावायची.

मंडळी लहान. एवढ्याशा मंडळीला स्वतंत्र पाळक देणं आमच्या संघाला, म्हणजे अशा सगळ्या मंडळ्यांच्या संघटनेला, परवडत नव्हतं. मग काम कोण करणार? बाईच. रविवारचा उपदेश आत्या करायची. आजाऱ्यांना भेटायला सायकलवरून आत्या जायची. नवरा दारू पिऊन दार लावून घ्यायचा तेव्हा ज्या बायका बाहेर उभ्या राहत, त्या आमच्या घरी येत, आत्यापाशी. कुणी गेलं तर माती द्यायलाही आत्याच. पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटणं, आणि बाप्तिस्मा या दोन गोष्टी दीक्षा झालेल्या पाळकानंच करायच्या, असा संघाचा नियम. दीक्षा म्हणजे वडीलधारे पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात तो विधी. आत्याच्या डोक्यावर ते हात कुणी ठेवले नव्हते. त्यामुळे मेलेल्याला मातीत ठेवायला तिचे हात चालायचे, जिवंताला पाण्यातून वर काढायला चालायचे नाहीत. हे आम्हाला तेव्हा विचित्रही वाटत नव्हतं, आणि आता आठवलं की माझ्या कानशिलात रक्त चढतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी जयनगरच्या मोठ्या चर्चचे पाळकसाहेब स्कूटरवरून यायचे. त्याच्या आदल्या दिवशी आमचं स्वयंपाकघर द्राक्षांच्या ताब्यात. बेंगळुरूची ती काळी, जाड सालीची द्राक्षं आत्या पातेल्यात उकळायची, गाळायची, थंड करायची. घरभर आंबटगोड वाफ, तिची बोटं जांभळी. अंगणातल्या नळाखाली बसून मी आणि आई ते अंगठ्याएवढे काचेचे पेले विसळायचो. अय्यंगार बेकरीतून पाव आणायचा, तो कापडात गुंडाळून ठेवायचा. रविवारी मेजावर पांढरं कापड घालून आत्या सगळं मांडायची आणि मग दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकून उभी राहायची. साहेब यायचे, कपाळाचा घाम पुसायचे आणि भाकर मोडायचे. एखाद्या महिन्यात त्यांची स्कूटर बंद पडली किंवा जयनगरला कुणाचं लग्न निघालं तर ते येत नसत. मग मांडलेलं सगळं आत्या परत झाकायची. तो रस आम्ही मुलं सोमवारी ग्लासात ओतून प्यायचो, आणि तो प्यायला मला मनापासून आवडायचं.

यमुनामावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या, मुलाकडे. मुलगा फिटर. मावशी मिरजेकडच्या. जन्मल्या तेव्हा तिकडच्या चर्चमध्ये त्यांच्या कपाळावर पाणी शिंपडलेलं. आमच्या मंडळीच्या हिशेबी तो बाप्तिस्मा नव्हे. आणि आमच्याकडे प्रभुभोजन फक्त बुडून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच. त्यामुळे दर महिन्याला भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरत यायचं आणि मावशींच्या मांडीवरून पलीकडे जायचं. त्या पदर डोक्यावरून पुढं ओढायच्या आणि ताट जाईपर्यंत डोळे मिटून बसायच्या. पुष्कळ वर्षं.

बुडायला त्यांची ना नव्हती. पाण्याची भीती होती. भीती म्हणजे केवढी, तर डोक्यावरून तांब्या घ्यायलाही सुनेला शेजारी उभं करायच्या. लहानपणी काय झालं होतं कोण जाणे, त्या बोलत नसत. त्यातून त्यांचं काळीज अधू झालेलं, जिना चढल्या की ओठ निळे पडायचे. माझा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्या आमच्याकडे आल्या आणि आत्याला म्हणाल्या, “बाई, मरायच्या आदी एकदा तरी त्या ताटातलं खायचंय मला. काय बी करा.”

आत्यानं काय केलं ते मी पाहिलं, कारण डिसेंबरातल्या त्या पहिल्या रविवारी बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मीही होते आणि आम्हाला आत्याच शिकवायची. ते शिकवणंही तिच्याकडेच, साहेबांना वेळ कुठला? हात छातीवर कसे जुळवायचे, रुमाल नाकावर कसा धरायचा, गुडघे कसे मोडायचे, पाठ कशी सोडून द्यायची. पाठ सोडणं सगळ्यात अवघड. माणूस शेवटच्या क्षणी अंग ताठ करतो आणि मग पाणी नाकात जातं. यमुनामावशींना आत्यानं आधी कोरड्या हौदात उतरवलं. नुसतं बसा, गप्पा मारा. मग घोट्याइतकं पाणी. मग गुडघ्याइतकं. दोघी त्या सिमेंटच्या खड्ड्यात पाण्यात पाय सोडून बसायच्या आणि मिरजेच्या बाजाराच्या गोष्टी करायच्या. आम्ही पोरी वर कठड्यावर बसून हसायचो. मावशी म्हणायच्या, हसा, तुमची बी पाळी हाय.

त्याच दिवसांत आमच्या घरात आणखी एक गोष्ट घडत होती. संघानं शेवटी ठरवलं होतं, नवीन वर्षात सरलाबाईंना दीक्षा द्यायची. आमच्या संघात बाईला दीक्षा पहिल्यांदाच. जयनगरचे साहेबच त्यासाठी बैठकीबैठकीतून भांडले होते, हे न सांगणं अन्याय होईल. घरात नुसता आनंद. पप्पा ओव्हरटाइम करून आले तरी जेवताना शीळ घालायचे. आईनं आत्यासाठी बारीक निळ्या काठाची पांढरी साडी आणली. आत्या ती उलगडून बघायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची, आणि घडी घालताना कुणी बघत नाही ना याची खात्री करायची. मी एकदा पडद्याआडून पाहिलं, ती आरशासमोर उभी राहून हात पुढं करून कुणालातरी ताट देत होती.

शनिवारी सकाळी टँकर आला. ‘अक्का, नीरु बंतु,’ पाणी आलं, म्हणून टँकरवाल्यानं हाक दिली आणि हौद भरला. डिसेंबरची थंडी, पत्र्यावर धुकं, पाणी बर्फासारखं गार. आत्यानं बंबातलं गरम पाणी बादल्यांनी आणून ओतलं, त्यानं हौदाला काही फरक पडला नाही, आमच्या मनाला पडला. आम्ही एकेक करून उतरलो. आत्या छातीभर पाण्यात उभी. एक हात पाठीमागे, एक जुळलेल्या हातांवर. सरावाच्या वेळी ती नाव घेत नसे, म्हणजे पित्याच्या, पुत्राच्या ते शब्द. नुसतं ‘एक, दोन, आता’ म्हणायची आणि कमरेत थोडं मागं वाकवून परत उभं करायची.

मावशी सगळ्यात शेवटी उतरल्या. दात वाजत होते. आत्या म्हणाली, आज नुसतं मान भिजेपर्यंत, जास्त नाही. मावशींनी रुमाल नाकावर धरला, मग काय वाटलं कोण जाणे, रुमाल काढून पाण्यात टाकला. वर छताकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “बापाच्या नावानं, लेकाच्या नावानं, पवित्र आत्म्याच्या नावानं.” आणि पाठ सोडून दिली. सगळी, एकदम. आत्याच्या हातावर त्यांचं सगळं वजन आलं. पाणी त्यांच्या तोंडावरून गेलं. आत्यानं क्षणभर त्यांना तसंच धरलं, मग वर उचललं. मावशी धापा टाकत होत्या आणि हसत होत्या, केस तोंडावर चिकटलेले. “झालं माझं,” त्या म्हणाल्या. “बाई, झालं.”

आत्यानं मावशींना टॉवेलात गुंडाळलं आणि घरी पोचवलं. आल्यावर जेवली नाही. मला वाटलं थंडी बाधली.

रविवारी साहेबांनी आम्हाला एकेकाला बाप्तिस्मा दिला. आत्या हौदाच्या पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभी, दरवेळेसारखी. माझं नाव घेतलं गेलं, मी बुडाले, वर आले, आणि आत्यानं मला टॉवेलात घेतलं. शेवटी साहेबांनी मावशींना हाक मारली. मावशी जागच्या उठल्या नाहीत. “माझं काल झालंय,” त्या म्हणाल्या. “बाईंनी दिला.”

मंडळीत कुजबुज सुरू झाली. डेव्हिडअण्णा म्हणून मंडळीचा कारभार बघणारे एक वडीलधारे होते, शिस्तीचे, बाई दीक्षेला नको म्हणणाऱ्यांपैकी. ते उठून म्हणाले, तो सराव होता, मावशींना उतरवा. मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “ल्हानपणी शिंपडलं, ते खरं न्हाई म्हनालात. काल बुडाले, ते बी न्हाई म्हनता. मानसानं बाप्तिस्मा एकदाच घ्यायचा, ह्ये तुमीच शिकिवलंय न्हवं? मग मी कितींदा बुडू?” साहेबांनी एक गीत म्हणायला लावलं आणि आत्याला बाजूच्या खोलीत बोलावलं.

त्या खोलीत प्लायवुडच्या फळीआड मी ओले कपडे बदलत होते. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि मला बाहेर पडता येईना.

“सरलाबाई,” साहेब म्हणाले, “सराव होता एवढंच बाहेर येऊन म्हणा. मावशींना पुढच्या महिन्यात मी स्वतः देतो.”

“पुढच्या महिन्यात त्या असतील?”

साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले, माझ्यापुरतं बोलायचं तर पाणी होतं, विश्वास होता, नाव घेतलं गेलं, तो बाप्तिस्माच आहे. तुम्ही तसं म्हणालात तर मी त्यांना भाकर देईन. पण मग दीक्षा नसताना तुम्ही बाप्तिस्मा दिला असं होईल. ते संघात जाईल, आणि तिथं मला तुम्हाला वाचवता येणार नाही. “किती वर्षं मी तुमच्यासाठी भांडलोय, तुम्हाला माहीत आहे. आता एका शब्दावर आलंय. स्वतःचाही विचार करा, बाई. आणि तुमच्या मागून येणाऱ्या मुलींचाही.”

तो माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

बाहेर गीताचं शेवटचं कडवं सुरू होतं. ते दोघे गेले, मागून मी ओल्या केसांनी जाऊन आईशेजारी बसले. साहेबांनी मेजावरचं पांढरं कापड काढलं, द्राक्षाच्या रसाचा वास आला. ताट हातात घेऊन त्यांनी आत्याकडे बघितलं. सगळेच तिच्याकडे बघत होते. पप्पा तर असे बघत होते की जणू नजरेनंच तिला सांगावं, बोल, सराव होता म्हण. मीही मनात तेच म्हणत होते. मावशींनी पदर पुढं ओढला नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्या वाट बघत होत्या.

“सराव नव्हता,” आत्या म्हणाली. “मावशींनी नाव घेतलं आणि मी त्यांना बुडवलं. तो बाप्तिस्मा होता.”

पप्पांनी मान खाली घातली. साहेबांनी ताट न फिरवता स्वतः चालत जाऊन मावशींच्या हातावर पहिला तुकडा ठेवला. मावशींनी तो लगेच खाल्ला नाही, हातात धरून ठेवला, वास घेतला, मग तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या. त्यांना दात नव्हते फारसे. सगळी मंडळी थांबून राहिली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर मावशी गेल्या. माती आत्यानंच दिली. त्याला कुणाची हरकत नव्हती.

दीक्षा अर्थात बारगळली. संघानं नाही म्हटलं नाही, पुढच्या बैठकीत बघू म्हटलं. पुढची बैठक झाली, तिच्या पुढचीही झाली. दर बैठकीच्या दिवशी आत्या सकाळपासून खिडकीशी, स्कूटरचा आवाज ऐकत. साहेब यायचे, चहा घ्यायचे, चपाती छान झालीय म्हणायचे. त्यांनी असं जेवणाचं कौतुक केलं की आम्हाला कळायचं, याही वेळी काही झालं नाही. निळ्या काठाची साडी आईनं ट्रंकेत खाली सरकवली. पप्पा महिनाभर आत्याशी बोलले नाहीत आणि मग एके दिवशी तिच्यासाठी गरम जिलेबी घेऊन आले.

लोक म्हणतात आत्यानं किती शांतपणे सोसलं. लोकांना काय माहीत. मी घरात होते. एका शनिवारी उकळत्या द्राक्षांचं पातेलं तिनं उचललं आणि मोरीत ओतलं, सगळं. भिंतीवर जांभळे शिंतोडे उडाले, हात भाजला. मी हातावर गार पाणी ओतत होते तर मला म्हणाली, “एक शब्द होता गं. मावशींना देवानं तसंही घेतलंच असतं. मी कशाला बोलले?” मी काय सांगणार होते, पंधरा वर्षांची मुलगी. ती रडली, मोरीच्या कट्ट्यावर बसून, तोंडात पदर कोंबून. पुन्हा द्राक्षं आणायला मला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मेज मांडून भिंतीला टेकून उभी राहिली.

आणखी एकदा, भर दुपारी, आत्याला घराची किल्ली द्यायला शेडवर गेले होते. व्यासपीठावरच्या फळ्या काढलेल्या होत्या. आत्या कोरड्या हौदात उभी. एक हात मागे, एक पुढे. वाकायची, थांबायची, उचलायची. हातात कुणी नव्हतं. ओठ हलत होते, आणि या वेळी ती नाव घेत होती. मी किल्ली दाराच्या कडीला अडकवून परत आले. घरी कुणाला सांगितलं नाही.

मग एकेक युनिट बंद पडत गेलं. कुणी बोम्मसंद्रातल्या नव्या कारखान्यांत नोकरी धरली आणि तिकडंच राहायला गेलं, कुणी गावी परतलं, पोरं गिटारवाल्या इंग्रजी चर्चला जायला लागली. बाकं रिकामी होत गेली, तरी आत्या तेवढ्याच आवाजात उपदेश करायची. शेवटच्या वर्षी आम्ही घरचेच उरलो होतो आणि मावशींची सून. शेड मालकानं परत घेतली, तेव्हा नव्वदचं दशकही संपत आलेलं. आत्या एका शाळेच्या वसतिगृहात मुलींवर देखरेख करायला लागली. बाप्तिस्म्याचा विषय तिनं काढला नाही, आम्ही काढला नाही.

दीक्षा झाली. हो, झाली. आत्ता आत्ता, पप्पा गेल्यानंतर, आत्याचे हात कायमचे कापायला लागल्यानंतर. संघात आता नवी माणसं आहेत, नियम बदललाय. त्यांनी मोठ्या मनानं जुन्या सेविकेचा सन्मान करायचं ठरवलं. जयनगरला तिला खुर्चीवर बसवलं, डोक्यावर हात ठेवले, शाल पांघरली, चंदनाचा हार घातला. ती निळ्या काठाची साडी, घड्यांवर विरलेली, तिनंच ट्रंकेतून काढायला लावली होती. त्याच दिवशी एका तरुण मुलीलाही दीक्षा दिली आणि तिला कुठली मंडळी मिळाली ते वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. आत्या वाट बघत होती. शेवटी तिनं शेजारच्या पाळकांची बाही धरून विचारलं, मला कुठली मंडळी? ते अगदी प्रेमानं हसले. अम्मा, म्हणाले, आता तुम्ही आराम करायचा.

तेव्हापासून दर रविवारी आत्या सकाळी अंघोळ करून ती साडी नेसून पुढच्या खोलीत बसते. जवळच्या चर्चला जाऊ चल म्हटलं तर येत नाही. कुणी आलं तर, म्हणते. कुणाला बाप्तिस्मा हवा असला तर, कुणी आजारी असलं आणि प्रभुभोजन मागितलं तर. दुपारपर्यंत बसते. मी तिला कधी टोकत नाही. रागावावं असं तर कितीदा वाटतं, पण कुणावर रागवायचं ते ठरत नाही.

राखणदारानं कुलपाचा आवाज केला. मी चपला घातल्या, त्याला चहाला पैसे दिले आणि बस धरली.

घरी पोचले तेव्हा उन्हं चढली होती. आत्या खुर्चीत होती, पदर नीट, मांडीवर हात, हात कापत होते. पीण्याला जाऊन आले म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मी दारातच थांबले.

“शेडकडे गेली होतीस?”

“हो.”

“तिथं कुणी होतं का गं? मला विचारत होतं का कुणी?”

तिच्या नजरेकडे बघवेना. एक शब्द पुरला असता. होतं म्हटलं असतं तर ती दिवसभर सुखात राहिली असती, पुढच्या रविवारपर्यंत राहिली असती. पण हिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

“कुणी नव्हतं, आत्या.”

“सरी,” ती म्हणाली. खुर्चीच्या हातांना धरून हळूहळू उठली आणि साडी बदलायला आत गेली.